१००० कॅलरीवर अकरा आठवडे : काटा अडला, केस मात्र सुटले

तोळामासा
मंडळी, धागा काढावा की नाही यात चार दिवस गेले. घरात विचारलं तर "एवढं कशाला करायचं" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून इथे लिहितेय.

वय ३८, उंची १५८ सेंमी. सुरुवातीचं वजन ७६. फोनमधल्या ॲपने वय-उंची विचारून "रोज १२०० कॅलरी" असं सांगितलं. मला वाटलं, बाराशेने होतं तर हजाराने लवकर होईल. रोज मोजून, तोलून, लिहून खाल्लं. शिवाय रोज ५ किमी चालणं. पहिल्या नऊ दिवसांत ३.२ किलो उतरलं. मी हवेत! पुढे आठवड्याला पाऊण, मग अर्धा, मग पाव. गेले तीन आठवडे काटा ६८.४ वर खिळा ठोकल्यासारखा.

आता तक्रारी. केसांत हात घातला की मूठभर हातात येतात. सगळे पंख्याखाली बसतात तेव्हा मी अंगावर शाल घेते. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. पाळी दोन महिने आली नाही. आणि ज्याची सर्वात लाज वाटते ते : रात्री झोपताना मी पाककृतींचे व्हिडिओ बघते. एकामागून एक, तासभर. करायचं काहीच नसतं, नुसतं बघायचं.

आता हजाराचे आठशे करू का? की माझं मेटॅबोलिझम बंद पडलंय?

उपाशी_वाघ
आठशे कशाला, थेट पाण्यावर या. स्कॉटलंडमध्ये १९६५-६६ साली अँगस बार्बिएरी नावाचा माणूस ३८२ दिवस जेवला नव्हता. २०७ किलोंवरून ८२ वर आला. शरीराला आपण समजतो त्याहून कमी लागतं. सगळा मनाचा खेळ.

डॉ_घुबड
वाघोबा, ते उदाहरण अर्धं सांगितलंत. तो माणूस रुग्णालयाच्या देखरेखीखाली होता, त्याला जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम दिलं जात होतं, आणि मुळात त्याच्याकडे सव्वाशे किलो इंधन शिल्लक होतं. त्याच काळात उपचार म्हणून केलेल्या लांब उपवासांत काही रुग्ण दगावलेही. ते कुणी फॉरवर्ड करत नाही. ६८ किलोच्या बाईला हा सल्ला देऊ नका, कृपया.

तोळामासाताई, आठशे अजिबात नको. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ड्यूटीवर आहे. तोवर एक काम करा : पाळी चुकली म्हटल्यावर आधी गर्भचाचणी. डाएटला दोष देण्याच्या नादात हे हमखास राहून जातं.

तोळामासा
चाचणी केली होती डॉक्टर, निगेटिव्ह. आजही पुन्हा केली, निगेटिव्हच. धन्यवाद.

शंकासुर
मी थोडा वाईटपणा घेतो. मेटॅबोलिझम बंद पडत नसतं, ते मेल्यावरच बंद पडतं. तूट असेल, म्हणजे खर्चापेक्षा खाणं कमी असेल, तर वजन उतरणार. उतरत नाही, याचा अर्थ तूट नाही, आणि तूट नाही याचा अर्थ वहीत लिहिलंय त्यापेक्षा पोटात जास्त जातंय.

१९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. "आम्ही १२०० च्या खाली खातो तरी वजन हलत नाही" म्हणणारी माणसं घेतली आणि त्यांचा खरा ऊर्जाखर्च मोजला. चयापचय व्यवस्थित होतं. खाणं मात्र सरासरी ४७ टक्के कमी लिहिलं गेलं होतं, आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हती माणसं, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मुलाच्या ताटातले उरलेले दोन घास, कढईत अंदाजाने ओतलेलं तेल, चव बघायला घेतलेला चमचा. हे वहीत येत नाही.

तोळामासा
शंकासुर, मी तेलसुद्धा काट्यावर तोलते. आणि मुलाच्या ताटातलं खात नाही, मला मूलच नाही.

शंकासुर
माफी. ताटाचं मागे घेतो. बाकीचं नाही घेत.

लोखंडी_कणा
ताई, दोन प्रश्न. रोज प्रथिनं किती ग्रॅम जातात? आणि चालण्याव्यतिरिक्त स्नायूंवर ताण येईल असा काही व्यायाम आहे का?

तोळामासा
ॲपमध्ये बघितलं, सरासरी ३४ ग्रॅम. व्यायाम फक्त चालणं. वजनं उचलली तर बायका दणकट दिसतात म्हणून...

लोखंडी_कणा
दणकट दिसायला आम्ही वर्षानुवर्षं घाम गाळतो हो, तरी दिसत नाही. तुम्हाला चुकून कसं होईल 🙂

खरा मुद्दा असा. नुसतं कमी खाऊन उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतोच, त्यात स्नायूही येतात. प्रथिनं कमी आणि स्नायूंना काम नाही, तर तो हिस्सा वाढतो. शरीर बिनवापराचं सामान आधी विकतं. उतरताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे तुम्हाला ८० च्या वर. चौतीस म्हणजे निम्म्याहून कमी झालं. उठाबशा, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्टा, आठवड्यातून दोन-तीनदा. सुरुवातीला तेवढं बास. मात्र हजार कॅलरीवर असताना सुरू करू नका, चक्कर येऊन पडाल.

आत्याबाई
पाककृतींच्या व्हिडिओंची लाज कसली ग. मी तर डाएटवर असताना वर्तमानपत्रातल्या हॉटेलच्या जाहिराती कापून ठेवायचे.

माझी गोष्ट वेगळी, पण सांगते. सहा वर्षांपूर्वी तीन महिन्यांत १९ किलो उतरवले. सगळीकडे कौतुक. तेल-तूप जवळजवळ शून्यावर होतं. मग एका लग्नात पोटभर जेवले आणि रात्री दोन वाजता उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की खांद्याच्या पात्यापर्यंत गेली. मला वाटलं हार्ट ॲटॅक. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं. शेवटी काढावं लागलं. सर्जन म्हणाले, बाई, हे एवढ्या घाईने उतरवल्याचं बिल आहे.

डॉ_घुबड
आत्याबाई, तुमचे सर्जन बरोबर बोलले. चरबी भराभर वितळते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. आणि जेवणात स्निग्ध पदार्थच नसले तर पित्ताशयाला आकुंचन पावायचं कारण उरत नाही. दाट पित्त साचून राहतं, त्याचे खडे होतात. आठवड्याला दीड किलोच्या वर उतरू लागलं की हा धोका ठळक वाढतो. म्हणून देखरेखीखालच्या कडक आहारातही थोडं तेल मुद्दाम ठेवतात, आणि काही रुग्णांना अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल देतात.

आता मूळ प्रश्न. लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिले ३.२ किलो : ती बहुतांश चरबी नव्हती. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं, म्हणजे साखरेचा साठा. प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तोडलं की दोन-तीन दिवसांत हा साठा उपसला जातो आणि पाणी मोकळं होतं. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडंही मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते त्यात या मीठ-पाण्याचा वाटा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. नऊ दिवसांत ३.२ किलो चरबी जायला रोज २७०० ची तूट हवी. तुमचा सगळा खर्चच तेवढा नाही.

तुमचा खर्च किती? १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घ्या. बायकांसाठी : वजन गुणिले १०, अधिक उंची सेंमीत गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. आजच्या ६८ किलोंना १३१७ येतात. ही निव्वळ पडून राहण्याची किंमत : हृदय, फुप्फुसं, मेंदू, यकृत चालू ठेवायची. उठबस आणि चालणं धरलं की १९०० च्या आगेमागे. म्हणजे ॲपने दिलेले बाराशेसुद्धा तुमच्या पडून राहण्याच्या खर्चाखाली आहेत. १२०० चा आकडा लोकप्रिय केला तो अमेरिकेतल्या ल्युलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी, १९१८ च्या पुस्तकात. शंभर वर्षांहून जुना आकडा आजही मापाचा शिक्का असल्यासारखा सगळ्यांच्या कपाळी मारला जातो. पाच फुटी आजीला तोच, पावणेसहा फुटी खेळाडूलाही तोच.

शंकासुरांशी माझा अर्धा वाद आहे. तूट असली तर वजन उतरतं, मान्य. पण ती तूट वहीत पहिल्या दिवशी मांडलेली राहत नाही. तुम्ही खर्च धरता १९००, शरीर तो गुपचूप कमी करतं. वजन घटलं म्हणून थोडा कमी होतोच. त्यावर आणखी कपात : माणूस नकळत कमी हलतो, पाय हलवत नाही, बोलताना हातवारे करत नाही, जिना दिसला की लिफ्ट शोधतो. थायरॉईडचं टी-४ हे संप्रेरक जास्त जोमाच्या टी-३ मध्ये बदलणं मंदावतं. हातपाय गार पडतात. तुमची शाल ती हीच. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन घसरतं, आणि मेंदू त्याचा अर्थ "दुष्काळ" असा लावतो. हे लेप्टिन १९९४ साली सापडलं, जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत. त्याआधी चरबी म्हणजे नुसतं गोदाम समजत. गोदामातून रोज हिशेब वर कळवला जातो हे तेव्हा उमगलं.

पाळीचं उद्या लिहितो. बाळंतपणासाठी बोलावणं आलंय.

परीक्षानळी
डॉक्टर बाळंतपणात आहेत तोवर : ताई, रक्त द्याल तेव्हा हिमोग्लोबिनवर थांबू नका. फेरीटिन (लोहाचा साठा), बी-१२, थायरॉईडसाठी टीएसएच आणि टी-३ दोन्ही, पोटॅशियम, युरिक ॲसिड सांगून घ्या. मी लॅबमध्ये आहे. "हिमोग्लोबिन बरं आहे" म्हणून घरी गेलेल्या आणि फेरीटिन तळाला असलेल्या बायका रोज बघते.

युरिक ॲसिड का, तर उपासमारीत चरबी जळून तयार होणारे केटोन आणि युरिक ॲसिड लघवीतून बाहेर पडायला एकाच दारात गर्दी करतात. युरिक ॲसिड मागे राहतं. ज्यांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, आहे त्यांचा पायाचा अंगठा अशा डाएटमध्ये ठणकतो तो यामुळे.

गोडबोल्या
वाचतोय केव्हापासून. सगळेच कमी कॅलरीला झोडपताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी १४ आठवडे साधारण ८५० वर होतो आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं.

पण थांबा. मला सहा वर्षांचा टाइप २ मधुमेह होता, वजन १०१. डॉक्टरांनी स्वतः सुचवलं. पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, कारण एवढं कमी खाऊन त्या चालू ठेवल्या तर साखर धाडकन खाली जाते. रक्तदाबाची गोळीही थांबवली. दर आठवड्याला फोन, दोन आठवड्यांनी तपासणी. जेवणाऐवजी तयार सूप आणि शेक, त्यात प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार सगळं मोजून घातलेलं. १६ किलो उतरले. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.९ वरून ५.९. गेली दोन वर्षं गोळीविना आहे.

हे माझ्या एकट्याचं नवल नाही. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी डायरेक्ट नावाची चाचणी केली, ३०६ जण होते, निकाल २०१७ ला लॅन्सेटमध्ये आले. ८२५ ते ८५३ कॅलरी, तीन ते पाच महिने. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारला होता, नेहमीच्या उपचारांत ४ टक्के. १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ झाले, तेही सांगतो. यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी कमी झाली की इन्सुलिनचं काम पुन्हा मार्गी लागतं, असं टेलर मांडतात. डॉक्टर त्याला "बरा झालास" म्हणू देत नाहीत, रेमिशन म्हणतात. वजन परत आलं की पाहुणाही परत.

त्रास झाला का? झाला. बद्धकोष्ठता, चिडचिड, थंडी. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात स्टेपलरवरून भांडलो. पण त्याहून अवघड होतं पुन्हा जेवायला शिकणं. सूप संपलं आणि समोर ताट आलं, तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

शंकासुर
गोडबोल्या, सुंदर प्रतिसाद. म्हणजे ८५० ने माणूस मरत नाही हे सिद्ध.

डॉ_घुबड
मुलगी झाली, ३.१ किलो, बाळबाळंतीण ठीक.

गोडबोल्यांनी जे केलं आणि तोळामासाताईंनी जे केलं त्यात कॅलरींचा फरक दीडशेचा आहे आणि बाकी सगळाच फरक आहे. ८०० च्या खालच्या आहाराला वैद्यकात "अतिअल्प उष्मांक" म्हणतात आणि तो औषधासारखा दिला जातो : कुणाला, किती आठवडे, कशाच्या बदल्यात, कोणत्या तपासण्यांवर. चौतीस ग्रॅम प्रथिनांवर दिला जात नाही.

"माणूस मरत नाही" याबद्दल. १९७० च्या दशकात अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांच्या आहाराची लाट आली होती. प्रथिन कसलं, तर कातडी-हाडांतून काढलेलं कोलॅजेन, शरीराच्या दृष्टीने अर्धवट. कॅलरी ३००-४००. सुमारे ६० माणसं गेली, पुष्कळशी हृदयाचा ठोका बिघडून. हृदयसुद्धा स्नायूच आहे शंकासुर, लोखंडीभाऊंनी सांगितलेल्या विक्रीत तेही निघतं.

आता पाळी. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक ठेक्यात संप्रेरकांचे इशारे सोडतो, त्यावर पाळी चालते. ऊर्जा कमी पडली की तो ठेका विस्कटतो. ॲन लाउक्स यांनी २००३ मध्ये दाखवलं की निरोगी तरुण मुलींत व्यायामाचा खर्च वजा जाता उरलेलं रोजचं खाणं चरबीविरहित वजनाच्या किलोमागे ३० कॅलरीच्या खाली गेलं तर पाच दिवसांत हा ठेका बिघडतो. तुमचं चरबीविरहित वजन अंदाजे ४३ किलो धरू. हजारातून चालण्याचे अडीचशे वजा केले, उरले साडेसातशे. किलोमागे सतरा-अठरा. ती तीसची रेघ काटेकोर नाही, प्रत्येकीची वेगळी असते, पण तुम्ही तिच्या जवळपासही नाही, पार खाली आहात. पाळी थांबणं ही नुसती गैरसोय नव्हे. इस्ट्रोजेन उतरलेलं राहिलं तर हाडं झिजतात, आणि ते आरशात दिसत नाही.

केस : केसांची मुळं उपासमारीच्या धक्क्याने एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तुमचे आत्ता गळताहेत ते पहिल्या आठवड्यांचे. म्हणजे खाणं सुधारलंत तरी आणखी दोन महिने गळतील. तेव्हा घाबरून तेलं, सीरम, गोळ्यांवर पैसे घालवू नका. परत येतात.

सावली
नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय.

तोळामासा, ते व्हिडिओ. मी पण बघायचे. १२०० ने सुरुवात, मग ९००, मग ७००. ॲपमध्ये हिरवा आकडा आला की दिवस चांगला, लाल आला की मी वाईट. मैत्रिणींबरोबर बाहेर जाणं बंद केलं, कारण तिथलं तोलता येत नाही. मला वाटायचं, माझं मन हावरट आहे, त्याला आणखी आवळायला हवं. दोन वर्षं गेली त्यात. मग उपचार.

तिथे समुपदेशकांनी मला मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५, युद्धाचा काळ. ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाला उपाशी युरोपाला पुन्हा कसं जेवू घालायचं हे शोधायचं होतं. बंदूक हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. शरीराने, मनाने धडधाकट, पारखून घेतलेले. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १६०० कॅलरीवर ठेवलं. सोळाशे! माझ्या ॲपमध्ये तो आकडा लाल दिसायचा. आठवड्याला ३५ किमी चालायचं. वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं.

आणि काय झालं, तर ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. घास चावत तासन्‌तास बसायचे. ताटं चाटायचे. जेवण सोडून कशावर बोलणं नको, मुली नकोत, राजकारण नको. उन्हाळ्यात पांघरूण मागायचे. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली, आणि मुद्दाम की चुकून हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येईना.

हे ऐकल्यावर मी खूप रडले. कारण त्यांच्यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. तरी माझ्यासारखंच झालं. म्हणजे तो माझा स्वभाव नव्हता, ती भूक होती.

तोळामासा
सावली, काय लिहू कळत नाहीये. परत परत वाचतेय.

आत्याबाई
सावली ग 🌼

शंकासुर
सावली, तुमच्या प्रतिसादावर मला काही म्हणायचं नाही, नीट वाचला.

डॉक्टरांना विचारतो. मिनेसोटातल्या मुलांचं वजन उतरतच राहिलं ना? म्हणजे चयापचय मंदावूनही तूट जिंकतेच?

डॉ_घुबड
उतरत राहिलं, पण वेग कमी होत गेला. मूळ चयापचय ४० टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं, त्यातला मोठा भाग शरीरच लहान झाल्याचा. आणि एक गोष्ट ताईंच्या कामाची : त्या मुलांचे घोटे आणि चेहरे सुजले होते. चरबी जात होती, पाणी साचत होतं, काट्यावर दोन्ही एकत्र मोजलं जात होतं. ताईंचे तीन आठवडे खिळलेला काटा पूर्ण सत्य बोलत असेलच असं नाही. आणि वहीतही काही निसटत असेल, तुमचा मुद्दा मी फेकून देत नाही.

"द बिगेस्ट लूझर" या अमेरिकन स्पर्धेतल्या १४ जणांचा पाठपुरावा केव्हिन हॉल यांनी केला, २०१६ ला छापला. तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते, सहा वर्षांत ४१ परत आले. तरी विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच. ती टोकाची माणसं, टोकाचा व्यायाम, सगळ्यांना लागू करू नका. पण मेलबर्नला २०११ मध्ये ५०-५५० कॅल... चुकलं, ५००-५५० कॅलरीचा दहा आठवड्यांचा आहार दिलेल्या साध्या लोकांतही वर्षभरानंतर भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि लेप्टिन उतरलेलं आढळलं. डाएट संपतं, भूक संपल्याची बातमी मेंदूला मिळालेली नसते. नंतर अधाशासारखं खाणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, म्हणून सांगितलं.

उपाशी_वाघ
मग वजन उतरवायचंच नाही का कुणी?

लोखंडी_कणा
असं कोण म्हणालं? तीनशे-पाचशेची तूट, प्रथिनं, थोडी वजनं, झोप. आठवड्याला अर्धा किलो. कंटाळवाणं आहे म्हणून कुणी व्हिडिओ काढत नाही.

तोळामासा
रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ११.४, फेरीटिन ९, टीएसएच २.१ (नॉर्मल), टी-३ किंचित खाली, पोटॅशियम ३.६, युरिक ॲसिड ७.४. शेजारच्या काकू म्हणताहेत थायरॉईडची गोळी सुरू कर.

डॉ_घुबड
काकूंना नमस्कार सांगा आणि गोळी त्यांच्याकडेच राहू द्या. टीएसएच व्यवस्थित आणि टी-३ खाली, हा या परिस्थितीत बहुधा शरीराने मुद्दाम मंद केलेला दिवा आहे. वात वर करायला गोळी नको, तेल हवं. फेरीटिन ९ म्हणजे लोह तळाला. त्याचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, पाळी न येण्याचंही तिथेच दाखवा. इथून औषध लिहिणार नाही.

खाणं एका दिवसात दोन हजारांवर नेऊ नका, आठवड्याला शंभर-दीडशे वाढवत १५५०-१६०० पर्यंत या. फार दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम जेवू घातलं तर फॉस्फेट, पोटॅशियम रक्तातून पेशींत घुसतात आणि हृदय अडचणीत येतं. युद्धकैदी सुटल्यावर हे बघायला मिळालं. तुम्ही त्या टोकाला नाही, तरी सावकाश. पहिल्या काही दिवसांत काटा एक-दोन किलो वर जाईल. घाबरून परत हजारावर उडी मारू नका, ते तुमचंच जुनं पाणी परत येतंय.

तोळामासा
(दोन महिने अठरा दिवसांनी) धागा वर काढतेय.

डॉक्टरांनी बजावलं होतं तरी घाबरलेच. पहिल्या दहा दिवसांत १.९ किलो वाढलं. रात्री अकराला या धाग्यावर येऊन "जुनं पाणी" ही ओळ तीनदा वाचली. पुढे थांबलं, मग सावकाश उतरू लागलं. आता १६०० वर ६७.८. म्हणजे हजारावर होते त्याहून कमी! शंकासुर, तुम्ही म्हणाल वही आता खरी लिहितेय. असेलही. तोलायचं सोडलंय, प्रथिनं तेवढी बघते.

पाळी ४६ व्या दिवशी आली. आल्याचा आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं. केस सहा आठवडे गळतच राहिले, आता भांगात बोटभर नवीन केस ताठ उभे आहेत, कुंचल्यासारखे. फेरीटिन २८. शाल कपाटात. उठाबशा चाळीस.

व्हिडिओ कधी सुटले ते कळलंच नाही. परवा फोनने आपणहून एक दाखवला, मी पुढे सरकवला, आणि मग लक्षात आलं.

सावली
❤️

परीक्षानळी
२८ अजून कमीच आहे, लोह मध्येच सोडू नका.

लोखंडी_कणा
चाळीस!! आता पाठीवर पिशवी घेऊन करा.

शंकासुर
अभिनंदन. वहीबद्दल माझं मत कायम आहे. काटा रोज बघता का अजून?

तोळामासा
नाही. काट्यातले सेल काढून रिमोटमध्ये घातलेत. महिन्यातून एकदा परत काट्यात घालते, त्या दिवशी टीव्ही बंद.

शंकासुर
काट्याला बटणासारखा चपटा सेल असतो. रिमोटमध्ये बसणार नाही.

तोळामासा
आमच्या काट्याला पेन्सिल सेल लागतात. तोलून सांगू का?